सगळे पाचकरस एकाच पातेल्यात नसतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत पचनावर पानभर लेख आला होता. त्यात तीन गोष्टी ठासून सांगितल्या होत्या. प्रथिने आणि पिष्टमय पदार्थ एका जेवणात एकत्र खाऊ नयेत; प्रथिनांना आम्ल लागते, पिष्टाला आम्ल चालत नाही, त्यामुळे दोघांचे रस एकमेकांना मारतात आणि अन्न पोटात सडत राहते. जेवताना पाणी पिऊ नये, कारण पाचकरस पातळ होतात. आणि तिसरी गोष्ट म्हणजे कच्च्या अन्नात त्याचे स्वतःचे विकर, म्हणजे एन्झाइम असतात, शिजवल्यावर ते मरतात, तेव्हा कच्चे खा. ते जमत नसेल तर विकरांच्या गोळ्या रिकाम्या पोटी घ्या.

मी डॉक्टर नाही. एका महाविद्यालयात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते, तिथूनच निवृत्त झाले. परीक्षानळ्या धुणे, द्रावणे तयार करणे, तापमापी फुटली की नोंदवहीत टाकणे, ही माझी कामे. पण पचनाची प्रात्यक्षिके दरवर्षी माझ्याच हातांनी मांडली जायची. मुलांच्या नळीचा रंग बदलला नाही की सर त्यांच्याकडे बघायचे आणि मुले माझ्याकडे. त्यामुळे लेखातल्या पहिल्या मुद्द्याशी माझी जुनी ओळख आहे. तो परीक्षानळीत अगदी खरा ठरतो. म्हणूनच तो पटकन पटतो, आणि म्हणूनच त्यावर जरा सविस्तर लिहायला हवे.

आधी परीक्षानळीचेच सांगते. स्टार्चची, म्हणजे पिष्टाची, पावडर थोड्या थंड पाण्यात कालवायची आणि मग उकळत्या पाण्यात ओतायची. थेट गरम पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात, लाळ गुठळीच्या आत पोचत नाही आणि प्रयोग फसतो. द्रावण निवले की त्यात लाळ घालायची आणि नळी ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवायची. पांढऱ्या टाइलवर आयोडीनचे थेंब ओळीने टाकून ठेवायचे आणि दर मिनिटाला नळीतला एक थेंब त्यातल्या एकेकात सोडायचा. पहिला थेंब निळाकाळा होतो. पुढचे जांभळट, मग तांबूस होत जातात आणि शेवटी आयोडीन आपल्याच पिवळसर रंगावर राहते. म्हणजे नळीत स्टार्च उरलेला नाही, लाळेतल्या अमायलेझ या विकराने तो तोडला. दुसऱ्या नळीत हीच लाळ, पण आधी उकळलेली. तिचे थेंब शेवटपर्यंत निळे. तिसऱ्या नळीत चांगली लाळ आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब. तीही निळीच राहते.

ही तिसरी नळी म्हणजेच आपल्या लेखकांचा पहिला मुद्दा. आम्लात लाळेचे विकर थांबते, हे बरोबर. पण त्यावरून जेवणच एकत्र करू नका असे सांगण्यासाठी आणखी एक गोष्ट गृहीत धरावी लागते, ती म्हणजे आपले पोट हे एकच पातेले असून सगळे रस त्यात एकदमच पडतात. ते तसे नाही. पचनसंस्था म्हणजे एकापाठोपाठ एक असलेल्या वेगवेगळ्या जागा आहेत. प्रत्येक जागेचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) वेगळा, विकर वेगळे, आणि तिथे अन्न किती वेळ थांबणार तेही वेगळे.

तोंडापासून सुरुवात करते. लाळ दिवसाला साधारण एक ते दीड लिटर तयार होते आणि तिचा सामू उदासीनच्या आसपास असतो. घास तोंडात राहतो तो काही सेकंद. मग तोंडातल्या विकराचा उपयोग काय, असे मुले हटकून विचारायची. उपयोग पुढे होतो. गिळलेला घास जठराच्या वरच्या भागात जाऊन साठतो, आणि आम्ल त्याच्या आतपर्यंत पोचायला वेळ लागतो. तेवढा वेळ घासाच्या आत अमायलेझचे काम चालूच असते. आम्ल आत शिरले की ते थांबते. थांबले तरी बिघडत काहीच नाही, कारण पिष्टाचे मोठे काम जठरात व्हायचेच नसते. ते पुढे, स्वादुपिंडातून येणाऱ्या दुसऱ्या अमायलेझकडे असते. लेखात या दुसऱ्या अमायलेझचा उल्लेखच नाही. तो असता तर लेख तिथेच संपला असता.

जठरातल्या पेशी जे आम्ल सोडतात त्याचा सामू एकच्या आसपास असतो. अन्नात मिसळल्यावर तो थोडा वाढतो. त्यांच्या शेजारच्या पेशी पेप्सिनोजेन सोडतात. ते स्वतः निष्क्रिय असते, आम्लाशी गाठ पडली की त्याचे पेप्सिन, म्हणजे प्रथिने तोडणारे विकर, होते. थेओडोर श्वान यांनी पेप्सिन शोधले ते १८३६ साली. त्याचा प्रयोग आम्ही अंड्याच्या उकडलेल्या पांढऱ्या बलकावर करायचो. बलक पाण्यात बारीक घोटून दुधाळ पाणी करायचे आणि ते चार नळ्यांत घ्यायचे. एकीत फक्त पेप्सिन, दुसरीत फक्त आम्ल, तिसरीत दोन्ही, चौथीत आम्ल आणि उकळलेले पेप्सिन. वॉटर बाथमध्ये ठेवल्यावर तिसरी नळी हळूहळू निवळते, नळीमागे धरलेल्या कागदावरची अक्षरे दिसू लागतात. बाकीच्या तिन्ही गढूळच राहतात. एकट्या आम्लाच्या जोरावर प्रथिने पचत नाहीत आणि आम्लाशिवाय पेप्सिन हलत नाही, हे त्या स्टँडकडे बघून मुलांच्या लक्षात यायचे. वेगळे शिकवावे लागत नसे.

जठरातला रस शरीराबाहेरही काम करतो हे जगाला नीट कळले ते एका अपघातामुळे. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात अगदी जवळून बंदुकीची गोळी लागली. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्याच्यावर उपचार केले. तो वाचला, पण जखम भरताना जठराला बाहेरून उघडे राहिलेले एक छिद्र कायमचे पडले. बोमाँट अन्नाचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या छिद्रातून आत सोडत आणि ठरावीक वेळाने ओढून बघत. जठरातला रस बाहेर काढून, बाटलीत शरीराइतका उबदार ठेवून त्यात मांसाचा तुकडा टाकला, तर तोही विरघळला. हे सगळे त्यांनी १८३३ साली पुस्तकरूपाने छापले. सेंट मार्टिनला या प्रयोगांचा मनस्वी कंटाळा होता आणि तो मधूनमधून निघून जात असे. त्याला दोष देववत नाही. तो १८८० पर्यंत जगला, म्हणजे डॉक्टरांपेक्षा सत्तावीस वर्षे जास्त.

आता जठरातून पुढे. जठराच्या खालच्या टोकाला स्नायूंचे वलय असते. ते सगळे अन्न एकदम सोडत नाही. पातळ झालेला लगदा थोडा थोडा पुढे जाऊ देते, मोठे तुकडे मागे ठेवते. साधे जेवण जठरातून पूर्ण उतरायला दोन ते चार तास लागतात, मेद जास्त असेल तर आणखी. या लगद्याबरोबर आम्लही आद्यांत्रात, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागात उतरते. लेखकांच्या हिशेबाने इथे घोटाळा व्हायला हवा. होते उलटेच.

१९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघा शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक तुकडा वेगळा केला, त्याला जाणाऱ्या सगळ्या नसा, म्हणजे मज्जातंतू, तोडल्या आणि फक्त रक्तवाहिन्या शाबूत ठेवल्या. मग त्यात आम्ल सोडले. मज्जातंतू नसतानाही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडले, आम्लात घोटले, गाळले आणि तो अर्क रक्तात सोडला. पुन्हा तेच झाले. निरोप रक्तातून जात होता. त्या पदार्थाला त्यांनी सिक्रेटिन नाव दिले, आणि ओळखले गेलेले पहिले संप्रेरक, म्हणजे हार्मोन, ते हेच.

याचा अर्थ असा, की आम्ल आतड्यात येणे हीच त्याचा निचरा करण्याची सूचना असते. सिक्रेटिन पोचले की स्वादुपिंड बायकार्बोनेटने भरलेला, सामू आठच्या आसपासचा रस सोडते. असा रस दिवसाला साधारण दीड लिटर येतो. आम्लाचा जोर संपतो, पेप्सिन थांबते, आणि त्याच रसातून नवी विकरे कामाला लागतात. लक्षात घ्यायची गोष्ट ही, की ती सगळी एकत्र येतात. पिष्टासाठी अमायलेझ, मेदासाठी लायपेझ, प्रथिनांसाठी ट्रिप्सिन आणि त्याची भावंडे, एकाच नळीतून, एकाच जागी. आज प्रथिनांचा दिवस आहे म्हणून अमायलेझ घरी बसत नाही. आणि प्रथिनांना आम्लच लागते हेही अर्धेच खरे. पेप्सिन प्रथिनांचे मोठे तुकडे करते, पण त्यांचे पुढचे बरेचसे तुकडे आम्ल संपल्यावर, याच जागी होतात.

ट्रिप्सिनबद्दल थोडे जास्त लिहिते, कारण मला त्याची व्यवस्था फार आवडते. स्वादुपिंड स्वतःच प्रथिनांचे बनलेले आहे. प्रथिने तोडणारे विकर त्याच्या आतच जागे झाले तर ते आधी स्वादुपिंडालाच खाईल. म्हणून ते ट्रिप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात बाहेर पडते. त्याला जागे करणारे विकर, एंटरोकायनेझ, असते आतड्याच्या अस्तरावर, म्हणजे स्वादुपिंडाच्या बाहेर. थोडे ट्रिप्सिन जागे झाले की ते बाकीच्यांना जागे करते. चुकून आतच काही जागे झाले तर त्याला आवर घालायला स्वादुपिंडात वेगळे प्रथिनही असते. एवढे करूनही कधी खड्याने नळी तुंबली किंवा दारूचा मारा झाला की ही व्यवस्था कोलमडते आणि स्वादुपिंड स्वतःला पचवू लागते. स्वादुपिंडाचा तीव्र दाह म्हणतात तो हाच, आणि त्या दुखण्याची तीव्रता ज्याने पाहिली आहे तो विसरत नाही.

पित्ताबद्दल लेखात पित्तातले विकर असा शब्दप्रयोग आहे. पित्तात मेद पचवणारे विकर नसते. पित्तातले क्षार मेदाच्या मोठ्या थेंबांचे बारीक थेंब करतात, म्हणजे लायपेझला काम करायला जास्त पृष्ठभाग मिळतो. नळीत तेल आणि पाणी घेऊन हलवले तर काही क्षणांत दोन थर वेगळे होतात. पित्तक्षार घातले तर पाणी बराच वेळ पांढुरके राहते. हे क्षार वापरून टाकून दिले जात नाहीत. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यातले ९० टक्क्यांहून जास्त परत शोषले जातात, यकृतात जातात आणि पुन्हा पित्तात येतात.

शेवटची कात्री अस्तराच्या पेशींवरच बसवलेली असते. माल्टेझ, सुक्रेझ, लॅक्टेझ ही विकरे रसात मोकळी फिरत नाहीत, पेशींच्या पृष्ठभागाला चिकटलेली असतात. साखरेचा शेवटचा बंध तुटला की लगेच तिथेच शोषण. या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढे असे आम्ही वर्षानुवर्षे तक्त्यावर लिहीत आलो. २०१४ साली स्वीडनच्या संशोधकांनी नव्याने मोजणी केली, तेव्हा सगळ्या पचनमार्गाचे मिळून सुमारे ३२ चौरस मीटर भरले. तक्ते अजून जुनेच आहेत.

पहिल्या मुद्द्याचा निकाल लावायला एवढीही गरज नव्हती. नवजात बाळाचे पहिले अन्न बघा. आईच्या दुधात सुमारे सात टक्के लॅक्टोज ही दुधातली साखर, चार टक्के मेद आणि एक टक्का प्रथिने असतात, एकत्रच. कोणतेही धान्य घ्या, त्यात पिष्टही आहे आणि प्रथिनेही. कडधान्यात तर दोन्ही भरपूर. एकत्र खाऊ नका असे ज्यांना सांगायचे आहे त्यांनी आधी दाण्यालाच सांगावे. ही कल्पना नवीनही नाही. विल्यम हॉवर्ड ‘हे’ (Hay) या अमेरिकी डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ती लोकप्रिय केली. पुढे २००० साली स्वित्झर्लंडमध्ये काही स्थूल रुग्णांना सारख्याच उष्मांकांचा आहार दोन पद्धतींनी दिला गेला, एका गटाला वेगवेगळे करून आणि दुसऱ्याला नेहमीसारखा एकत्र. वजन दोन्हीकडे सारखेच उतरले.

पोटात सडण्याची भीती घालण्याआधी जठरातल्या आम्लात बहुतेक जिवाणू मरतात एवढे तरी बघायला हवे होते. जिवाणूंचे खरे राज्य मोठ्या आतड्यात. तिथे ते आपल्याला न पचलेल्या तंतूंवर जगतात, आणि त्यातून तयार होणारी छोटी मेदाम्ले आतड्याच्या पेशी वापरतात. हा बिघाड नाही, नेहमीचे काम आहे. दुधाने ज्यांचे पोट फुगते त्यांच्यातही बहुधा मिश्रणाचा दोष नसतो. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांत लॅक्टेझ लहानपणानंतर कमी होते. लॅक्टोज न तुटता मोठ्या आतड्यात पोचते आणि जिवाणू त्याचा वायू करतात.

पाण्याचा मुद्दा थोडक्यात. सामूचे माप दहाच्या पटीत चालते. सामू एकाने वाढायला आम्ल दहापट पातळ व्हावे लागते. जठरात सामू २ असलेला अर्धा लिटर ऐवज आहे असे धरा आणि त्यात पेलाभर, म्हणजे पाव लिटर पाणी ओता. सामू होईल २.२ च्या जवळ. पेप्सिनला काही फरक पडत नाही, शिवाय आम्ल सोडणाऱ्या पेशी तोवर गप्प बसलेल्या नसतात. लहान आतड्यात रोज अन्नपाणी आणि रस मिळून नऊ लिटरच्या आसपास द्रव येतो. त्यात आपण प्यायलेला भाग दोनेक लिटर, बाकी सगळा शरीरानेच ओतलेला. आणि गंमत म्हणजे पचनातला प्रत्येक बंध तुटताना पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो. पिष्ट असो, प्रथिन असो की मेद, ही विकरे पाण्यानेच कापतात. ज्याच्याशिवाय काम चालत नाही त्यालाच कामात अडथळा ठरवले आहे!

कच्च्या अन्नातली विकरे खरी असतात. अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते त्यात ब्रोमेलिनचा हात असतो, पपईच्या चिकातले पपेन मांस मऊ करते. पण वनस्पतीने ती आपल्या जेवणासाठी बनवलेली नाहीत. विकर हे स्वतः प्रथिन आहे. जठरात गेल्यावर आम्लाने त्याची घडी बहुधा मोडते, आणि पेप्सिन त्याला इतर प्रथिनांसारखेच तोडते. शरीर आपली स्वतःची विकरेसुद्धा काम झाल्यावर पचवून त्यांची अमायनो आम्ले परत घेते. शिजवल्याने तर पिष्टाचे कण फुगतात, फुटतात आणि अमायलेझला ते सोपे जाते. कच्च्या आणि शिजवलेल्या स्टार्चच्या नळ्या शेजारी ठेवून कुणीही बघावे.

आता गोळ्या. एवढे लांबलचक पत्र लिहायला बसले ते खरे यासाठी. काही लोकांना विकरे बाहेरून घ्यावीच लागतात. स्वादुपिंडाचा जुनाट दाह, सिस्टिक फायब्रोसिस, शस्त्रक्रियेत स्वादुपिंड काढलेले रुग्ण. त्यांच्याकडे लायपेझ पुरेसे नसते, त्यामुळे मेद पचत नाही, मल फिका, तेलकट, न बुडणारा होतो, वजन घटते आणि मेदाबरोबर शोषली जाणारी अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे कमी पडतात. त्यांच्या कॅप्सूलमधल्या दाण्यांवर आम्लात न विरघळणारे आवरण असते. सामू साडेपाचच्या वर गेला की ते सुटते, म्हणजे दाणे आतड्यात पोचल्यावरच. म्हणूनच त्या कॅप्सूल जेवणाबरोबर, पहिल्या घासापासून घ्यायच्या असतात. अन्न आतड्यात उतरेल तेव्हा विकरही तिथे हजर हवे. रिकाम्या पोटी घेतली तर ते आधीच पुढे निघून जाते आणि मागून येणारे जेवण तसेच राहते. ते दाणे चावून किंवा कुटूनही खायचे नसतात.

आपल्या लेखात सरसकट सगळ्या विकरांच्या गोळ्यांसाठी रिकामे पोट सांगितले आहे. धडधाकट वाचकाने ते ऐकले तर त्याचे पैसे जातील, बाकी फारसे काही नाही. वर सांगितलेल्या रुग्णाने ऐकले तर मात्र त्याचे औषध वाया जाईल, आणि ते का लागू पडत नाही हे त्याच्या डॉक्टरांनाही लवकर उमगणार नाही. बाकीच्या मुद्द्यांवर वाद झाला तर होऊ दे. या एका वाक्याची दुरुस्ती मात्र त्याच पुरवणीत, त्याच जागी, ठळक अक्षरांत छापावी, आणि डॉक्टरांनी जेवणाबरोबर घ्यायला सांगितलेली विकरे कुणी आपल्या मनाने रिकाम्या पोटी घेऊ नयेत, असे त्यात स्पष्ट म्हणावे, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक